वाघरू नेमकं कोणतं?

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात जेमतेम तीन आठवड्यांत बिबट्याने तीन जीव घेतले. दोन लहान मुलं आणि एक वयस्कर बाई. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. मग नेमबाज आले आणि त्यांनी एका बिबट्याला गोळ्या घातल्या. शिरूर पुणे जिल्ह्यात आहे, पण कुकडी-घोड ओलांडली की आमचे पारनेर-श्रीगोंदा लागतात, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा. नदीच्या दोन्ही काठांना ऊस सारखाच, वस्त्या सारख्याच, भीतीही सारखीच. त्यामुळे बातमी इकडे पोचली तेव्हा पारावर, चहाच्या टपरीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता: मारला तो तोच होता का?

हा प्रश्न विचारणाऱ्याला लगेच ‘प्राणीप्रेमी’ म्हणून बाजूला काढलं जातं. खरं तर ज्याचं घर उसाला लागून आहे, त्यालाच याचं उत्तर जास्त हवं असतं. तो नसेल, तर जो होता तो अजून उसातच आहे.

माझ्या मते आपल्या भागातल्या बिबट्याच्या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित धागा हाच आहे. माणसानं बिबट्याला किती मारलं, किती पकडलं, किती पूजलं यावर पुष्कळ बोललं जातं. एक बिबट्या दुसऱ्यापासून वेगळा ओळखायला माणूस कधी शिकला, आणि न ओळखल्यामुळे काय काय झालं, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तिचा बराच भाग आपल्याच जिल्ह्यात घडलाय.

अकोले तालुक्यात (विदर्भातलं अकोला नव्हे, प्रवरेच्या उगमाकडचं अकोले) महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्यांजवळ वाघोबाचे दगड दिसतात. शेंदूर फासलेले, वाघाची आकृती कोरलेले, काहींवर वर चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर बाकी महाराष्ट्र वसुबारस करतो, तेव्हा इथे वाघबारस असते. गुराख्यांनी वाघोबाला नैवेद्य दाखवायचा आणि गुरांना सांभाळ म्हणायचं. बोलीत बिबट्याला सरसकट ‘वाघ’ किंवा ‘वाघरू’ म्हणतात. तो दगडातला वाघ पट्ट्यांचा की ठिपक्यांचा, याची चौकशी कुणी करत नाही. करार साऱ्या वाघ-जातीशी आहे, एकट्यादुकट्याशी नाही.

इंग्रज सरकारनेही जातीशीच व्यवहार केला, फक्त उलट्या दिशेने. जनावर मारून आणा, बक्षीस घेऊन जा. महेश रंगराजन या इतिहासकाराने जुन्या सरकारी नोंदींवरून हिशेब मांडलाय. १८७५ ते १९२५ या ५० वर्षांत बक्षिसासाठी ८०,००० हून अधिक वाघ आणि दीड लाखाहून अधिक बिबटे मारले गेले. या नोंदींत बिबट्या येतो तो कातड्याच्या रूपात. त्यानं माणूस मारला होता का, शेळी मारली होती का, की काहीच केलं नव्हतं, यानं बक्षिसाला फरक पडत नव्हता.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मारणं थांबलं आणि मोजणं सुरू झालं. मोजायची पद्धत होती ठशांची. सरोज राज चौधरी या ओडिशातल्या वनाधिकाऱ्याने १९६६ च्या सुमारास ती रूढ केली. चिखलातल्या ठशावर काच ठेवायची, रेषा काढून घ्यायची, आणि ठशांवरून जनावर वेगळं ओळखायचं. कल्पना भाबडी नव्हती. अनुभवी वाटाड्याला ठशावरून बरंच कळतं. पण तोच पाय ओल्या मातीत एक दिसतो, कोरड्या फुफाट्यात दुसरा, आणि काच धरणारा हात बदलला की तिसरा. या पद्धतीची लाज निघाली सरिस्कामध्ये. राजस्थानातल्या त्या अभयारण्यात कागदावर वाघ होते, आणि २००४-०५ मध्ये लक्षात आलं की जंगलात एकही उरलेला नाही.

तोपर्यंत दुसरा रस्ता सापडलेला होता. उल्हास कारंत यांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेत पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले आणि वाघ पट्ट्यांवरून ओळखले. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. बिबट्याचंही तसंच. त्याच्या कातडीवर ठिपक्यांची जी फुलं असतात, त्यांची मांडणी दोन बिबट्यांत जुळत नाही. एक अडचण मात्र आहे. एकाच बिबट्याची डावी कूस आणि उजवी कूसही एकमेकींशी जुळत नाहीत. म्हणून समोरासमोर दोन कॅमेरे लागतात. एका बाजूचाच फोटो असला, तर उद्या दुसऱ्या बाजूने गेलेला बिबट्या तोच की नवा, हे सांगता येत नाही.

हे तंत्र जगभर हौशी माणसांच्याही हातात गेलंय. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल आहे. तिथे कड्यांखालच्या खडकांवर करडे सील येऊन पडतात. सील हा समुद्रात पोहणारा आणि विसाव्यासाठी, पिल्लांसाठी किनाऱ्यावर येणारा सस्तन प्राणी. आपल्या किनाऱ्यावर तो नाही. तिथे स्वयंसेवक, म्हणजे निवृत्त शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी असे लोक, कड्यावरून लांब भिंगाने सीलचे फोटो काढतात आणि मानेवरच्या, अंगावरच्या डागांवरून जुन्या फोटोंशी जुळवतात. सीलना नावं दिली जातात. एकच मादी वर्षानुवर्षं त्याच किनाऱ्यावर परतताना दिसते, आणि इथे पाहिलेला सील कधी वेल्सच्या तर कधी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या फोटोत सापडतो. खाली न उतरायचं, त्यांना दचकवायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. आपल्याकडे सिंधुदुर्गच्या समुद्रात संशोधकांनी डॉल्फिन असेच ओळखले, पाठीवरच्या परावरच्या खाचांवरून. आणि २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासवीच्या पायाला बिल्ला सापडला, तो चार वर्षांपूर्वी ओडिशात लावलेला होता. तो बिल्ला नसता, तर ‘एक कासव आलं’ एवढीच नोंद झाली असती.

समुद्राकाठचं हे सगळं सांगायचं कारण असं की आपल्याकडे, डोंगर आणि उसाच्या मध्ये, हेच काम वेगळ्या निकडीनं सुरू झालं. तिथे सील चुकीचा ओळखला तर वहीत खाडाखोड होते. इथे बिबट्या चुकीचा ओळखला तर जीव जातो. कधी त्याचा, कधी आपला.

ही निकड पहिल्यांदा दिसली ती शेजारच्या जुन्नरमध्ये. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला. ऊस वर्ष-सव्वा वर्ष शेतात उभा राहतो. आत सावली, ओल, एकांत. माद्या तिथे व्यायला लागल्या. बाहेर वस्तीवर कुत्री, मांजरं, डुकरं, शेळ्या. बिबट्याला यापेक्षा वेगळं जंगल लागत नाही. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ पासून पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि दूरच्या जंगलात सोडायचे, असा मोठा कार्यक्रम सुरू झाला. सरासरी चाळीसेक किलोमीटरवर नेऊन सोडत. लोकांना बरं वाटलं, पेपरात फोटो आले.

मग हल्ले वाढले. वर्षाला सरासरी १७.

विद्या अत्रेय तेव्हा या भागात राहत होत्या. त्यांनी आणि पशुवैद्य अनिरुद्ध बेलसरे यांनी पकडलेल्या बिबट्यांच्या शेपटीच्या बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढी चिप टोचायला सुरुवात केली. चिप काही करत नाही. यंत्र जवळ नेलं की फक्त एक क्रमांक सांगते. पण त्या क्रमांकामुळे बिबट्याला पहिल्यांदाच पूर्वचरित्र मिळालं. याला कुठे पकडलं होतं, कधी सोडलं, आता कुठे सापडला. अत्रेय यांनी सहकाऱ्यांसोबत २०११ मध्ये या सगळ्या स्थलांतराचा अभ्यास छापला. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. बिबटे उचलून दुसरीकडे टाकल्यानं प्रश्न हलला होता आणि वाढला होता. पिंजऱ्याला माहीत नसतं आत कोण शिरलं. शेळीच्या वासानं जो येतो तो अडकतो, आणि बहुतेक वेळा तो कुणाच्या वाटेला न गेलेला असतो. त्याला अनोळखी मुलखात सोडलं की तो घराच्या दिशेने निघतो, गावं तुडवत. इकडे त्याची मोकळी झालेली जागा नवा बिबट्या घेतो.

यानंतर त्या अकोल्याला आल्या. इथे प्रश्न साधा होता: माणसांच्या या गर्दीत बिबटे राहतात तरी किती? २००९ च्या सुमारास प्रवरेच्या खोऱ्यातल्या शेतांत, बांधांवर, ओढ्याच्या वाटांवर कॅमेरे लागले. कॅमेरा कुठे लावायचा हे कुठल्याही नकाशावर नसतं. ते सांगतो वनरक्षक, आणि सांगतो तो शेतकरी, जो वीज रात्रीची असल्यामुळे रात्री दारं धरायला जातो आणि सकाळी ओल्या सरीत ठसा बघतो. लोक रोज जाता-येता त्या वाटांवरच हे महागडे डबे टांगलेले होते. माझ्या लेखी अकोलेकरांचं हे योगदान कुठल्याही शोधनिबंधाच्या आभारापेक्षा मोठं आहे.

ठिपके जुळवून, एकेक बिबट्या वेगळा काढून आलेला आकडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला: १०० चौरस किलोमीटरमध्ये ४.८ प्रौढ बिबटे. जोडीला तरस, तेही पट्ट्यांवरून ओळखलेले, १०० चौरस किलोमीटरला ५. म्हणजे चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसं असलेल्या, हरण-सांबर नसलेल्या शेतीत दहा मोठे मांसाहारी प्राणी. जगात अशी नोंद आधी झालेली नव्हती. आणि एवढं असूनही त्या भागात माणसांवरचे हल्ले विरळ होते. मग ते खात काय होते? विष्ठेच्या तपासणीतून कळलं की खाण्यातला ८७ टक्के भाग पाळीव आणि गावच्या जनावरांचा, त्यातली कुत्रीच ३९ टक्के. संख्येनं शेळ्या कितीतरी जास्त, पण त्यांचा वाटा ११ टक्केच. शेळ्या रात्री कोंडलेल्या असतात, कुत्री मोकळी असतात. आमच्याकडे वस्तीवरचं कुत्रं गेलं की ‘वाघानं नेलं’ म्हणतात आणि दुसरं पिल्लू आणतात. त्या एका वाक्यात हा निम्मा शोधनिबंध आहे, असं मला वाटतं.

काही बिबट्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टा घातला गेला. दाट वस्तीतले बिबटे रात्री घरांपासून २५ मीटरच्या आत कितीदा आले, तर नोंदींपैकी २० टक्के वेळा. दिवसा एक टक्काही नाही. तुमच्या ओट्यापासून गोठ्यापर्यंतचं अंतर मोजा. तेवढ्यातून तो जाऊन आला आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही.

यातल्या एकाला सगळा महाराष्ट्र ओळखतो. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक नर विहिरीत पडला. बाहेर काढल्यावर त्याचा शांतपणा बघून त्याला ‘आजोबा’ नाव पडलं. पट्टा घालून त्याला ५२ किलोमीटरवर माळशेज घाटात सोडलं. आजोबानं तिथे मुक्काम केला नाही. तो पश्चिमेला निघाला. महामार्ग, रेल्वे, गावं ओलांडत ३७ दिवसांत सरळ रेषेत ८९ किलोमीटर गेला आणि मुंबईच्या वेशीवर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला स्थिरावला. या प्रवासात त्यानं एकाही माणसाला इजा केली नाही. वाटेत ज्यांनी त्याला ओझरतं पाहिलं असेल, त्यांच्या लेखी तो ‘इकडे नवा आलेला बिबट्या’ होता. पिंजरा लागला असता, तर तो कुठल्यातरी गावच्या शेळीचा गुन्हेगार म्हणून आयुष्यभर आत बसला असता. पट्टा होता म्हणून तो पारनेरचा आजोबा राहिला.

डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाच्या धडकेत तो मेला. शेपटीच्या बुडाशी चिप होती. यंत्रानं क्रमांक सांगितला, आणि रस्त्यावरचं बेवारस कलेवर टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीशी जोडलं गेलं. २०१४ मध्ये त्याच्यावर ‘आजोबा’ नावाचा सिनेमाही आला, सुजय डहाके यांचा. आमच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्या रहिवाशाच्या पायपिटीवर सिनेमा निघाल्याचं मला तरी आठवत नाही.

आजोबा ज्या जंगलात पोचला, तिथे पुढे ही ओळख पटवण्याची कला शहरी पोरांनी उचलली. २०१५ च्या अभ्यासात संजय गांधी उद्यान आणि परिसरात कॅमेऱ्यांतून ३५ बिबटे ओळखले गेले. आरे कॉलनीत काही तरुण वनखात्याच्या सोबतीनं कॅमेरे लावत राहिले आणि ठिपक्यांवरून बिबट्यांची वंशावळ मांडत गेले. याचं मोल कळलं २०२१ मध्ये. आरेत माणसांवर लागोपाठ हल्ले झाले. पिंजऱ्यात एक तरुण मादी आली, सी-३२. फोटो जुळवल्यावर लक्षात आलं की हल्ले करणारी ही नाही, हिची बहीण सी-३३ आहे. मग सी-३३ पकडली गेली आणि सी-३२ ला सोडून दिलं. दोघी एका वयाच्या, एका अंगलटीच्या, एकाच भागातल्या. डोळ्यांनी कुणीही चुकला असता. ती नोंदवही नसती, तर पहिल्या पिंजऱ्यावर फटाके वाजले असते आणि हल्ले चालूच राहिले असते.

आता माझी तक्रार. मुंबईच्या लोकांना जी सवय लागली, ती ज्या मातीत पहिल्यांदा सिद्ध झाली तिथे का लागली नाही? अकोल्यातला अभ्यास संपला, संशोधक पुढच्या कामाला लागले, तेही बरोबरच आहे. पण कॉर्नवॉलसारखी, दरवर्षी चालणारी, गावच्या पोरांच्या हातातली नोंदवही इथे उभी राहिली नाही. आपल्याकडे स्वयंसेवक नाहीत असं नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात पाणवठ्यांवर मचाणं बांधतात आणि हौशी लोक रात्रभर जागतात. मीही जागलोय. हातात तक्ता असतो: वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू. चांदण्यात पाण्यावर आलेलं तरस बघणं ही चीज आहे, तिला तोड नाही. पण त्या तक्त्यात ‘कोणतं’ हा रकाना नाही. दहा मचाणांवर दहा बिबटे दिसले, तर ते दहा होते की दोघं फिरत होते, हे सकाळी कुणालाच सांगता येत नाही.

आणि आता तर सामग्रीचा पूर आलाय. राहाता, राहुरी, संगमनेर, कुठल्याही तालुक्यातल्या वस्तीवर सीसीटीव्ही आहे. बिबट्या अंगणातून कुत्रं उचलतो, ती क्लिप सकाळी सातला गावच्या ग्रुपवर असते आणि नऊपर्यंत चार तालुक्यांत ‘आमच्याच गावातली’ म्हणून फिरते. एका बिबट्याचे संध्याकाळपर्यंत चार होतात. घबराट अशीच वाढते, आणि पिंजऱ्याची मागणीही. त्याच क्लिपवर तारीख, खरं ठिकाण आणि कुठली कूस दिसते एवढं लिहून ती एका जागी साठवली, तर दोन वर्षांत तालुक्याचं चेहरेपुस्तक तयार होईल. यासाठी कुणी उसात शिरायची गरज नाही, आणि शिरूही नये. सीलवाल्यांचा कड्यावरून खाली न उतरण्याचा नियम इथे दहापट लागू आहे. अडचणीही खऱ्या आहेत. रात्रीचं चित्र धूसर असतं, कॅमेरा उंचावर असतो, ठिपके पुसट येतात. वर ठिकाण उघड झालं की बघ्यांची जत्रा जमते, म्हणून नोंद वनखात्याकडे बंद राहिली पाहिजे.

ज्याच्या घरातलं मूल गेलं, त्याच्यापुढे हे सगळं बोलायची माझी हिंमत नाही. त्याला ठिपके नकोत, त्याला तो मेलेला हवाय. ते समजण्यासारखं आहे. पण त्यालाही ‘तो’च हवा असतो, ‘कुठलाही एक’ नको असतो.

सध्या यातल्या त्यात चांगले फोटो मिळतात ते ऊसतोडीच्या दिवसांत. फड तोडताना पाचटात पिल्लं सापडतात. तोड थांबते, वनखात्याचे लोक येतात, पिल्लं क्रेटमध्ये घालून अंधार पडायच्या सुमाराला त्याच जागी ठेवतात आणि समोर कॅमेरा लावतात. माणसं लांब होतात. बहुतेकदा मादी येते. क्रेटभोवती फिरते, वास घेते, झाकण उलथवते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. तीन पिल्लं असली तर तीन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळीकडे जातो, खाली आईच्या मायेची गाणी लावलेली असतात. फेऱ्या मारताना ती कॅमेऱ्यासमोर कधी डावीकडून जाते, कधी उजवीकडून, आणि तिच्या दोन्ही कुशी, एकूण एक ठिपक्यासह, नीट दिसतात.